गिअरची कळ : जुनी की नवी?

मनुष्याच्या नित्य उपयोगातील यंत्रांत सायकलीइतके प्रांजळ यंत्र दुसरे क्वचितच आढळेल. तिच्या पोटात काही दडलेले नसते. पायाने दिलेले बळ साखळीवाटे मागच्या चाकास कसे पोचते, हे लहान मूलही बोट ठेवून दाखवू शकते. परंतु अशा या सरळ यंत्रातही एक अवयव असा आहे की, ज्याविषयी सायकलस्वारांत अद्यापि एकमत झालेले नाही. तो अवयव म्हणजे गिअर बदलण्याची कळ. ही कळ चौकटीच्या नळीवर असावी की ब्रेकच्या मुठीपाशी? ती हाताच्या अंदाजाने चालावी की 'टक्' असा आवाज करून ठरल्या जागी आपोआप थांबावी? आणि तिच्यापासून मागच्या चाकापर्यंत पोलादी तार जावी की विजेचा संदेश? वरवर पाहता हा वाद शौकिनांचा वाटेल. परंतु रत्नागिरीसारख्या चढउतारांच्या व धो धो पावसाच्या मुलखात तो मुलांच्या सुरक्षिततेचा आणि पालकांच्या मिळकतीचाही प्रश्न आहे. म्हणून त्याचा विचार या पानांतून करणे अप्रस्तुत होणार नाही, असे वाटते.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. कळ ब्रेकपाशी आली ही खरी सुधारणा होय, व तिचा स्वीकार विद्यार्थ्यांनी निःशंकपणे करावा. परंतु तारेच्या जागी वीज आली, ही सुधारणा विद्यार्थ्यांच्या उपयोगाची नाही, आणि तिच्या मोहात पालकांनी पडू नये. नवे तेवढे घ्यावे असेही नाही व जुने तेवढे जपावे असेही नाही. प्रत्येक सुधारणेने आपल्यास काय दिले व आपल्यापासून काय नेले, याचा जमाखर्च मांडून मगच निर्णय करावा.

प्रथम गिअरचे कार्य काय, हे थोडक्यात पाहू. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलीस पुढे ४४ दात्यांचे व मागे १८ दात्यांचे चक्र असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते आणि सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. आता गिअरच्या सायकलीवर पुढे ३४ व मागे ३२ दात्यांची जोडी लावली, तर त्याच एका फेऱ्यात चाक एकापेक्षा किंचित अधिक वेळा फिरते व सायकल केवळ सव्वादोन मीटर सरकते. मनुष्य तोच आणि चढही तोच. परंतु पायाला लावावा लागणारा जोर निम्म्याहूनही कमी होतो. त्याच्या मोबदल्यात फेरे मात्र दुपटीहून अधिक मारावे लागतात. निसर्ग फुकट काहीच देत नाही; तो केवळ हप्ते बांधून देतो. गिअर म्हणजे चढाचे कर्ज सोयीच्या हप्त्यांनी फेडण्याची युक्ती होय.

ही युक्ती इतकी उपकारक असूनही तिला विरोध झाला, आणि तोही सामान्य माणसाकडून नव्हे. फ्रान्समधील 'तूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ मध्ये सुरू करणारे आंरी देग्रांज यांचे मत असे होते की, गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्या लोकांची सोय आहे. तरुणाने स्नायूंच्या बळावर जिंकावे. त्याच देशातील पॉल द व्हिवी या सायकलभक्ताने गिअरचा पक्ष आयुष्यभर चालविला; तथापि सर्व स्पर्धकांना गिअरची सायकल वापरण्याची मोकळीक त्या शर्यतीत १९३७ पर्यंत मिळाली नाही. तोपर्यंत स्वारांची रीत अशी होती की, मागच्या चाकाच्या दोन बाजूंस दोन निरनिराळी चक्रे असावयाची. चढ आला की खाली उतरावयाचे, चाक काढून उलटे बसवावयाचे व पुन्हा निघावयाचे. आज हे वाचून हसू येईल. परंतु सोय म्हणजे दुर्बलता, ही समजूत केवळ त्याच काळची होती असे समजू नये. "आमच्या वेळी नव्हते हो गिअर," हे वाक्य आपल्या ओसरीवरही पुष्कळदा ऐकू येते.

गिअर आले, तरी ते बदलण्याची कळ सुलभ होण्यास फार वेळ लागला. १९४० च्या दशकात इटलीतील तुलिओ काम्पान्योलो यांनी काढलेल्या रचनेत मागच्या चाकाजवळ दोन लांब दांड्या असत. एकीने चाकाची पकड सैल करावयाची आणि दुसरीने साखळी सरकवावयाची. आणि हे सर्व चालत्या सायकलीवर, हात पाठीमागे नेऊन व पायडल उलटे फिरवीत. जीनो बार्ताली यांनी १९४८ ची तूर द फ्रान्स जिंकली ती अशाच यंत्रावर. ज्यास ही कसरत साधली त्याच्या धैर्याची प्रशंसा करावी तेवढी थोडीच. परंतु ती शाळकरी मुलांनी करण्याजोगी नव्हती, हे कोणीही कबूल करील.

१९५० च्या सुमारास गिअरने जे रूप घेतले, त्यासच आज आपण 'जुनी पद्धत' म्हणतो. चौकटीच्या पुढच्या तिरप्या नळीवर, गुडघ्यांच्या मध्ये, दोन लहान कळा. प्रत्येकीपासून एक पोलादी तार. आणि त्या तारेच्या टोकाशी साखळीला एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलणारे डिरेलर. कळ जेथे सोडावी तेथे ती केवळ घर्षणाने टिकून राही. तिला खाचा नव्हत्या, खुणा नव्हत्या. किती ओढावी, हे हाताने ठरवावयाचे, व बरोबर बसली की नाही, हे कानाने ओळखावयाचे. साखळी कुरकुरली की कळ केसभर मागे घ्यावयाची. नाद स्वच्छ झाला की समजावे, काम झाले.

या जुन्या कळेचे गुण नाकारणे अन्यायाचे होईल. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. तार आखूड व बहुतेक उघडी असल्यामुळे तिच्यात घाण कमी साचते. ती कोणत्याही कंपनीच्या डिरेलराशी नांदते, कारण तिला स्वतःचे माप नाही. माप स्वाराच्या हातात आहे. आणि सर्वांत मोठा गुण असा की, ती स्वारास शिकविते. सतारीच्या पडद्यांवर बोट ठेवणाऱ्यास सूर आयता मिळतो, पण सारंगी वाजविणाऱ्यास तो शोधावा लागतो. म्हणून सारंगीवाल्याचा कान तयार होतो. जुन्या कळेवर शिकलेल्या स्वाराचा कानही असाच तयार होत असे.

मग तिचा दोष कोणता? एकच, परंतु तो आपल्या मुलखात प्राणाशी गाठ घालणारा आहे. गिअर बदलावयाचा म्हणजे एक हात मुठीवरून काढून, खाली वाकून, गुडघ्यांमध्ये न्यावा लागतो. त्या वेळी एका ब्रेकवर हात नसतो आणि सायकल एकाच हाताच्या स्वाधीन असते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने उतरणारी सायकल एका सेकंदात १० मीटर जाते. हात खाली नेऊन परत आणण्यास दोन सेकंद लागले, तरी २० मीटरचा रस्ता अर्ध्या ताब्याने काटला गेला.

येथे कोणी म्हणेल की, युरोपातील स्वारांनी याच कळेवर आल्प्सचे घाट पार केले, मग आपल्यासच तिची भीती का? याचे उत्तर आपल्या भूमीच्या ठेवणीत आहे. लांब घाटाचा चढ एकदा सुरू झाला की मैलोगणती चढच असतो. एक हलका गिअर लावावा व स्वस्थपणे चढत राहावे. आपल्याकडेही साखरप्याकडून आंबा घाट चढणाऱ्यास जुनी कळ पुरेशी होईल. परंतु रत्नागिरीचा किनारी रस्ता तसा नाही. तो कातळाच्या सड्यावरून खाली खाडीस अथवा पुळणीस उतरतो, पूल ओलांडतो आणि दम घेऊ न देता लगेच पुढच्या सड्यावर चढतो. शिरगावकडून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्यास सायकलने गेलेल्या कोणासही हे सांगावयास नको. समुद्राच्या देखाव्याने डोळे वेधून घ्यावेत, वळणाने सायकल बाहेर ओढावी, समोरून मोटार यावी, आणि नेमक्या त्याच क्षणी उतार संपून चढ लागावा, असा तो मार्ग आहे. भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघाले, तरी सपाटीनंतर चढ वाट पाहत उभाच असतो. शहरातही मांडवीच्या किनाऱ्यावरून मारुती मंदिराकडे येणाऱ्यास वर चढावेच लागते.

सारांश, ज्या क्षणी ब्रेकची गरज असते त्याच क्षणी गिअर बदलण्याचीही गरज असते, हे आपल्या रस्त्यांचे वैशिष्ट्य आहे. ही दोन्ही कामे एकाच जागी बसलेल्या हाताने होत नसतील, तर स्वारास दोहोंपैकी एकाचा त्याग करावा लागतो. बहुतेक मुले शहाणपणाने ब्रेक पत्करतात व गिअर तसाच राहू देतात. मग पुलापलीकडचा चढ जड गिअरवरच, गुडघ्यांवर ताण देऊन व सायकल डावीउजवीकडे झोकांड्या देत चढावा लागतो. मागून वाहने येत असता अशी नागमोडी चाल किती घातक, हे सांगणे नको.

हा दोष दोन पावलांनी दूर झाला. १९८४ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने कळेस खाचा दिल्या. कळ एक खाच पुढे सरकली की तार ठराविकच ओढली जाते व साखळी नेमकी पुढच्या चक्रावर जाते. अंदाजाचे काम उरले नाही. या युक्तीमागील हिशेब विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. मागे आठ चक्रे असलेल्या त्या कंपनीच्या रचनेत दोन चक्रांमधील अंतर ४.८ मिलिमीटर असते. कळ प्रत्येक खाचेस सुमारे २.८ मिलिमीटर तार ओढते आणि डिरेलर त्या हालचालीस १.७ पट करतो. गुणाकार करून पाहावा, म्हणजे उत्तर जुळते. दुसरे पाऊल १९९० मध्ये पडले. त्याच कंपनीने गिअरची कळ ब्रेकच्या लिव्हरमध्येच बसविली. लिव्हर मागे ओढला की ब्रेक लागतो. तोच आत ढकलला की साखळी मोठ्या चक्रावर चढते. आणि त्याच्यामागील लहान पाते दाबले की ती लहान चक्रावर उतरते. काम्पान्योलो कंपनीने १९९२ मध्ये अंगठ्याच्या बटणाची आपली निराळी रचना काढली, व २००६ मध्ये अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने एकाच पात्याची पद्धत आणली. थोडे दाबले तर एक काम, अधिक दाबले तर दुसरे. तपशील भिन्न असले तरी तत्त्व एकच : हात मुठीवरून हलवावयाचा नाही.

आमच्या मते सायकलीच्या सुरक्षिततेत हवेच्या टायरानंतर व चांगल्या ब्रेकानंतर जर कशाची गणना करावयाची असेल, तर या कळेची करावी. आडव्या मुठीच्या साध्या सायकलीवर अंगठ्याने व तर्जनीने चालणाऱ्या कळा असतात. त्यांनाही हेच श्रेय आहे. तेव्हा "जुने ते सोने" या म्हणीचा आधार घेऊन नळीवरच्या कळेची सायकल आज मुलास घेऊन देणे, हे कौतुकाचे असले तरी विचाराचे नव्हे.

परंतु या सुधारणेचाही काही खर्च आहे, आणि तो लपवून ठेवू नये. नव्या कळेत अनेक बारीक पाती, खाचा व स्प्रिंगा असतात. तिच्यात बिघाड झाल्यास ती उघडण्यापेक्षा बदलणेच सोयीचे ठरते. एका कंपनीची कळ दुसरीच्या डिरेलराशी बहुधा जुळत नाही, कारण दोघांची मापे निराळी. शिवाय मागील चक्रांची संख्या जसजशी वाढली, तसतशी त्यांतील अंतरे कमी झाली. दहा चक्रांच्या रचनेत ते अंतर ३.९५ मिलिमीटरवर आले. अंतर जितके थोडे, तितकी तारेतील लहानशी ढिलाईही अधिक जाणवते. आता आपल्याकडचा पाऊस पाहा. जूनपासून चार महिने कोसळणारे पाणी तारेच्या आवरणात शिरते; खाऱ्या वाऱ्याने गंज धरतो; जांभ्याची तांबडी माती साखळीत बसते. पुण्याच्या कोरड्या हवेत जी तार दीर्घकाळ टिकते, ती येथे एका पावसाळ्यातच अडखळू लागते. मग मुलगा म्हणतो, "गिअर बिघडले." वास्तविक गिअर बिघडलेले नसतात, तार अडकलेली असते. नवी तार व नवे आवरण हा उपाय थोड्या पैशांचा, आणि गावातील साध्या सायकल दुरुस्तीवाल्यालाही करता येण्याजोगा आहे.

नेमक्या याच मुद्द्यावर विजेच्या कळेचे पुरस्कर्ते म्हणतील, "मग तारच नको!" माविक या फ्रेंच कंपनीने १९९० च्या दशकात असा प्रयत्न केला होता, पण तो टिकला नाही. पुढे २००९ मध्ये शिमानोची विजेची कळ बाजारात आली व २०१५ मध्ये स्रॅमने जोडतारही काढून टाकून बिनतारी कळ आणली. बटण दाबले की मागील लहानशी मोटर साखळीस अचूक जागी नेते. २०२१ मध्ये शिमानोने आपल्या सर्वोच्च श्रेणीतून तारेची कळ वगळूनच टाकली. या रचनेचे गुण खरे आहेत. तिच्यात गंजणारी तार नाही; बोटाला जोर लागत नाही; माप ढळत नाही. ज्याच्या बोटांत दुखण्याने शक्ती उरलेली नाही, त्यास ती वरदान होय. लांब पल्ल्याच्या स्पर्धकाचीही गोष्ट निराळी. अमेरिका खंड आडवा ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नाशिकचे महाजन बंधू २०१५ मध्ये दोघांच्या चमूने, आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये एकट्याने पुरी करून आले. दिवसरात्र मुठी धरून बधिर झालेल्या बोटांना हलक्या बटणाचे मोल किती, हे अशा प्रवासातच कळावे.

परंतु विद्यार्थी हा शर्यतीचा स्पर्धक नव्हे. शाळा, शिकवणी, बाजार व सुटीच्या दिवशी गणपतीपुळे, एवढा त्याचा प्रवास. त्यासाठी विजेच्या कळेची किंमत मोजणे म्हणजे अंथरूण न पाहता पाय पसरणे होय. विजेरी एकदा भारली की सुमारे हजार किलोमीटर चालते, असे निर्माते सांगतात, व ते खरे मानू. पण बंदिस्त मोटर अगर तिचा सूक्ष्म विद्युत्फलक निकामी झाला, तर पाना व तेलाची कुपी घेऊन बसलेला आपला कारागीर काय करणार? तो भाग मागवावा लागेल, वाट पाहावी लागेल, आणि तोवर सायकल पडवीत उभी राहील. तार तुटली तर मात्र स्वार एका गिअरवर घरी येतो, व दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन शाळेस जातो.

त्याहूनही आमचा मोठा आक्षेप शिक्षणाच्या दृष्टीने आहे. तार ओढली की डिरेलर सरकतो, हे मुलास दिसते. दिसते म्हणून कळते, आणि कळते म्हणून दुरुस्त करण्याचा धीर होतो. बटण दाबले आणि कोठेतरी काहीतरी झाले, यात पाहण्यासारखे काही उरत नाही. तरफ, दातेरी चक्र, ताण, घर्षण हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील शब्द ज्या एका वस्तूत मुलास हाताने चाचपता येतात, ती वस्तू म्हणजे त्याची सायकल. तिच्यावर झाकण घालून आपण त्यास काय देतो? बोटाच्या दाबाची बचत! हा सौदा तोट्याचा आहे. आणि तारेचा काळ संपला असेही कोणी समजू नये. २०२३ मध्ये त्याच शिमानो कंपनीने आपल्या मधल्या श्रेणीत बारा चक्रांची, तारेवर चालणारी नवी मालिका काढली. ज्याअर्थी निर्माता स्वतः तारेस अद्यापि रजा देत नाही, त्याअर्थी आपणही घाई करण्याचे कारण नाही.

आता पालकांस दोन शब्द. सायकल घेताना गिअरांची संख्या हीच योग्यता समजू नये. दुकानात "एकवीस गिअर" असे अभिमानाने सांगितले जाते; ते म्हणजे पुढची तीन व मागची सात चक्रे यांचा गुणाकार. त्यांतील कित्येक जोड्या एकमेकींसारख्याच असतात. त्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : कळ मूठ न सोडता चालते काय, सर्वांत हलका गिअर आपल्या घराजवळचा चढ बसल्या बसल्या चढण्याइतका हलका आहे काय, आणि तार, आवरण व डिरेलर गावात मिळतात काय. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आले, तर रंग व नाव यांसाठी अधिक पैसे देण्याची आवश्यकता नाही.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे की, नवी कळ हाती आली म्हणून जुनी विद्या टाकू नका. चढ लागल्यावर नव्हे, तर लागण्यापूर्वी गिअर बदला, व बदलताना पायाचा जोर किंचित सैल सोडा. साखळी पुढे मोठ्या व मागेही मोठ्या चक्रावर तिरपी ताणून चालवू नका. पावसाळा सरला की तार व आवरण तपासा; साखळी पुसून तिला थोडेसेच तेल द्या. तारेच्या टोकाशी एक लहान फिरकी असते. साखळी वर चढण्यास आळस करू लागली, तर ती अर्धा फेरा फिरवून पाहा, आणि फरक कानाने ओळखा. ज्या दिवशी तुमची सायकल कुरकुरली असता तुम्ही दुकानाकडे न धावता खाली बसून कारण शोधाल, त्या दिवशी ती सायकल खऱ्या अर्थाने तुमची झाली असे समजा.